चेक: तपासण्याच्या आधीचा शह

प्रश्न असा आहे: इंग्रजीतला 'चेक' एकीकडे तपासणे, दुसरीकडे बँकेचा धनादेश आणि तिसरीकडे शर्टावरची चौकडी. हे एकाच शब्दाचे अर्थ आहेत की तीन वेगळे शब्द योगायोगाने सारखे दिसतात? मूळ कुठले? स्पेलिंग दोन का? आणि मराठीत आणताना सगळीकडे 'तपासणे' लिहिले तर चालेल का?

शब्द एकच आहे. मूळ फारसी 'शाह', म्हणजे राजा. आणि सगळीकडे 'तपासणे' लिहिलेले चालत नाही. बडोद्यात इंग्रजीतून मराठी-गुजरातीत कागदपत्रे करणाऱ्यांच्या मसुद्यात या शब्दावर जितक्या चुका सापडतात तितक्या भल्या मोठ्या कायदेशीर शब्दांवरही सापडत नाहीत. मोठा शब्द दिसला की माणूस कोश उघडतो, 'चेक' दिसला की उघडत नाही.

आधी मूळ. बुद्धिबळात समोरच्याच्या राजावर मोहरा रोखला की फारसी खेळाडू 'शाह!' असे म्हणून त्याला सावध करत. खेळ इराणातून अरबांकडे गेला, अरबांकडून युरोपात. वाटेत शब्दाचे रूप बदलत गेले: अरबीत 'शाह', मध्ययुगीन लॅटिनमध्ये 'स्काकुस', जुन्या फ्रेंचमध्ये 'एशेक', आणि 1300 च्या सुमारास इंग्रजीत 'चेक'. त्या फ्रेंच शब्दाचे अनेकवचन 'एशेस', त्यावरून खेळाचे नाव 'चेस'. म्हणजे चेस या नावाचा शब्दशः अर्थ 'राजे' एवढाच.

आपल्याला यासाठी इंग्लंडपर्यंत जायचीही गरज नाही. हाच शब्द फारसीतून थेट मराठीत आला आणि 'शह' झाला; गुजरातीत 'शेह'. 'चेकमेट' म्हणजे 'शाह मात', आणि ती 'मात'ही आपल्याकडे आहे. 'संकटावर मात केली' म्हणताना आपण बुद्धिबळाच्या पटावरचाच शब्द वापरतो. राजकारणाच्या बातम्यांतला 'शहकाटशह' तर इंग्रजीला एका शब्दात सांगताही येत नाही. (याच ओढीने 'मातब्बर' हा 'मात' वरून आला असे काही जण सांगतात. तसे नाही. तो अरबी 'मुअतबर', म्हणजे विश्वासार्ह, याचे मराठी रूप आहे.) आणखी मागे गेले तर 'शाह' हा शब्द ज्या जुन्या इराणी धातूपासून निघतो, तो संस्कृत 'क्षत्र'च्या घरातलाच आहे. बँकेतला चेक आणि क्षत्रिय हे लांबचे भाऊबंद, हे सांगितले की लोक हसतात, पण नाते खरे आहे.

आता या शब्दाची किल्ली. शह बसला की काय होते ते पाहा. तुमच्या मनात कितीही सुंदर चाल असो, ती खेळता येत नाही. तीनच वाटा उरतात: राजा हलवा, मध्ये मोहरा घाला, किंवा शह देणारा मोहरा मारा. बाकी सगळा डाव जागच्या जागी अडतो. इंग्रजीने हे अडणे उचलले. 'चेक'चा पटाबाहेरचा पहिला अर्थ अडवणे, रोखणे, आवर घालणे हा आहे. तपासणे हा पुष्कळ नंतरचा, साधारण 17 व्या शतकातला. कोशात आज तपासणे पहिल्या क्रमांकावर दिसते ते आपल्या वापराच्या प्रमाणामुळे, जन्माच्या क्रमाने नव्हे.

हा क्रम ठाऊक नसला की भाषांतर कुठे घसरते, ते तांत्रिक कागदांत स्पष्ट दिसते. बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीतल्या (जीआयडीसी) कुठल्याही कारखान्यात मिळेल असा शब्द घ्या: चेक व्हॉल्व. याचे 'तपासणी झडप' असे मराठी केलेले आढळते. त्या झडपेत तपासण्यासारखे काहीच नसते. आत बिजागरीवर लटकणारे एक झाकण असते (काही प्रकारांत स्प्रिंगवरची चकती किंवा गोळी). पाणी पुढे ढकलले जाते तेव्हा झाकण उघडते. पंप बंद होऊन पाणी मागे फिरू लागले की त्याच पाण्याच्या दाबाने झाकण बसते आणि वाट बंद होते. म्हणजे उलट्या प्रवाहाला शह. प्लंबर त्याला 'एनआरव्ही' म्हणतात, नॉन-रिटर्न व्हॉल्वचे संक्षिप्त रूप, आणि ते नाव जास्त प्रामाणिक आहे. मराठीत 'एकमार्गी झडप' लिहावे. व्हॉल्वच्या अंगावर बाण कोरलेला असतो; तो पाणी जायच्या दिशेला हवा. उलटा बसवला तर मोटर फिरते, आवाज येतो, आणि टाकीत थेंब पडत नाही. सूचनापत्रात 'तपासणी झडपेवरील बाण तपासा' असे छापले असेल तर फिटर बिचारा झडप उघडून आत काय तपासायचे ते शोधत बसतो.

तीच गोष्ट चेकनटची. मुख्य नटला घट्ट टेकवून बसवलेला दुसरा नट, थरथरीने मुख्य नट सैल होऊ नये म्हणून. इथे चेक म्हणजे सुटण्याला आळा. (जाता जाता: पातळ नट खाली आणि जाड नट वर, हा बरोबर क्रम. पुष्कळ ठिकाणी उलटे करतात. वरचा नट आवळताना खालचा दुसऱ्या पान्याने धरून ठेवावा लागतो, नाहीतर दोन्ही एकत्र फिरतात आणि कुलूप बसतच नाही.) रेल्वे फाटकात किंवा तीव्र वळणावर रुळाला समांतर बसवलेला 'चेक रेल' चाकाला बाजूला सरकण्यापासून अडवतो. आणि गुजरातेत तर चेकडॅम हा शब्द शेतकऱ्याच्या तोंडी आहे. ओढ्यावर आडवा घातलेला बुटका बांध पाण्याचा वेग मोडतो, गाळ खाली बसवतो, थांबलेले पाणी जमिनीत मुरून आसपासच्या विहिरींना मिळते. मराठीत साधे 'बंधारा' किंवा ओढ्यावरचा असेल तर 'नालाबांध' म्हणावे. 'तपासणी बांध' असे लिहिणाऱ्याला खेड्यात कोणी पाणी विचारणार नाही.

राज्यशास्त्रातली 'चेक्स अँड बॅलन्सेस' याच रांगेतली. कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ आणि न्यायसंस्था यांनी एकमेकांना आवर घालणे. म्हणून मराठीत 'नियंत्रण आणि संतुलन'. 'कीप इन चेक' म्हणजे काबूत ठेवणे. 'अनचेक्ड' मात्र दोन तोंडांचा आहे. 'अनचेक्ड ग्रोथ' म्हणजे बेसुमार वाढ, आणि फॉर्मवरचा 'अनचेक्ड बॉक्स' म्हणजे खूण न केलेली चौकट. तपासणीचा संबंध दोन्हीकडे नाही.

अडवण्यापासून तपासण्यापर्यंत अर्थ पोचला तो हिशेबाच्या वाटेने. कारकुनाला पैसे खाण्यापासून अडवायचे तर काय करावे? तोच व्यवहार दुसऱ्या वहीत दुसऱ्याकडून लिहून घ्यावा आणि दोन्ही जुळवून पाहाव्यात. हे जुळवून पाहणे म्हणजे चेक. आजही बँकेत एक जण नोंद घालतो आणि दुसरा मंजूर करतो, त्याला 'मेकर-चेकर' म्हणतात. त्यात चेकर नुसता पाहणारा नसतो. त्याने हो म्हटल्याशिवाय व्यवहार पुढे सरकत नाही. पटावरचा शह तिथे अजून जिवंत आहे. म्हणून व्हाउचरवरच्या 'चेक्ड बाय'चे मराठी 'पाहणार' असे करू नये, 'तपासणार' करावे; त्या सहीखाली जबाबदारी आहे.

जुळवून पाहायचे तर दोन तुकडे हवेत, आणि इथून धनादेश येतो. 18 व्या शतकाच्या सुरुवातीला 'चेक' म्हणजे पैसे देण्याच्या लेखी हुकमाचा मागे राहणारा तुकडा, ज्याला आपण स्थळप्रत किंवा काउंटरफॉइल म्हणतो. खोटा कागद आला तर या तुकड्याशी ताडून पाहायचा. हळूहळू तुकड्याचे नाव सबंध कागदाला लागले. स्पेलिंग आधी सी-एच-ई-सी-के असेच होते. मागून ब्रिटनमध्ये सी-एच-ई-क्यू-यू-ई रूढ झाले, ते 'एक्सचेकर' या शब्दाच्या प्रभावाने. अमेरिकनांनी जुनेच ठेवले. भारतात 1881 च्या परक्राम्य संलेख अधिनियमापासून (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) बँकेच्या कागदाला क्यू-यू-ई हेच स्पेलिंग आहे. तेव्हा नियम सोपा: पैशाचा कागद असेल आणि वाचक भारतीय किंवा ब्रिटिश असेल तर क्यू-यू-ई, बाकी प्रत्येक अर्थाला सी-के. पैशाच्या कागदासाठी एका पत्रात दोन्ही रूपे मिसळू नयेत. 'प्लीज चेक द चेक' असे वाक्य इंग्रजीत दोन स्पेलिंगांनी बरोबर असते, कानाला मात्र एकच. देवनागरीत लिहिणाऱ्याने म्हणूनच 'धनादेश तपासा' लिहावे.

मराठीत चेक पुल्लिंगी आहे आणि त्याची क्रियापदे अस्सल आहेत: चेक फाडतात, वटवतात, तो वटतो, न वटता परत येतो. हुंडीच्या काळापासून चालत आलेले 'वटणे' असताना 'चेक क्लिअर झाला' का लिहायचे हे कळत नाही. बोलायला हरकत नाही. सयाजीरावांनी 1908 मध्ये बँक ऑफ बडोदा काढली तेव्हापासून या गावाच्या बोलण्यात बँकेचे शब्द मुरलेले आहेत, 'बेअरर' नि 'अकाउंट पेयी' कोणाला समजावून सांगावे लागत नाहीत. एक आकडा लक्षात असू द्या: 1 एप्रिल 2012 पासून चेकची मुदत त्यावरच्या तारखेपासून तीन महिने आहे, आधी सहा होती. जुन्या मराठी मार्गदर्शिकांतून मजकूर उचलणाऱ्यांच्या हातून ती 'सहा' अजून छापली जाते.

दोन तुकड्यांचीच कल्पना आणखी कुठे कुठे गेली ते पाहण्यासारखे आहे. विमानतळावर 'चेक्ड बॅगेज' म्हणजे तपासलेली बॅग असे जवळजवळ सगळे समजतात. तपासणी तर हातातल्या पिशवीचीही होते, मग ती का नाही चेक्ड? कारण इथे चेक म्हणजे बिल्ला. बडोद्याच्या हरणी विमानतळावर बॅग दिली की तिच्या मुठीला लांब पट्टी गुंडाळतात आणि त्याच क्रमांकाचा छोटा तुकडा बोर्डिंग पासवर चिकटवून देतात. तो तुकडा हाच 'चेक'. बॅग हरवली तर तो दाखवावा लागतो, म्हणून घरी पोचेपर्यंत फेकू नये. मराठीत 'सोपवलेले सामान' म्हटले की अर्थ बसतो. अमेरिकेत 'रेन चेक' हा बेसबॉलच्या मैदानातला: पावसाने सामना बुडाला तर तिकिटाचा तुकडा पुढच्या सामन्याला चालायचा. म्हणून 'आय विल टेक अ रेन चेक' म्हणजे 'आज नको, पुन्हा केव्हातरी'. पावसाशी त्याचा आता काही संबंध नाही. आणि अमेरिकन खानावळीत 'चेक प्लीज' म्हणजे बिल आणा.

राहिली चौकडी. तिचा उगमही पटच, पण एक गंमत आहे. आपल्याकडचे जुने पट दुरंगी नसत. नुसती घरे आखलेली, काही घरांत फुलीसारखी खूण. काळी-पांढरी घरे ही युरोपातली भर, सुमारे 1000 सालच्या आसपासची. त्यामुळे 'चेक' म्हणजे दुरंगी चौकटींची नक्षी हा अर्थ भारतात जन्मणे शक्यच नव्हते, तो तिकडेच व्हायचा होता. त्या दुरंगी पटाला जुन्या फ्रेंचमध्ये 'एशकिए' म्हणत. 12 व्या शतकात इंग्लंडच्या राजाचा महसूल मोजायला असेच चौकटी आखलेले कापड मोठ्या मेजावर पसरत आणि पौंड, शिलिंग, पेनी यांच्या रकान्यांत सोंगट्या सरकवून बेरीज करत. शून्य आणि स्थानमूल्य तिथे अजून रुळले नव्हते, रोमन आकड्यांत बेरीज करणे किती जिकिरीचे ते करून पाहा. त्या कापडावरून खात्याचे नाव 'एक्सचेकर' पडले, आणि ब्रिटनचे अर्थमंत्री आजही 'चॅन्सेलर ऑफ द एक्सचेकर' आहेत. त्याच शब्दाने पुढे चेकचे स्पेलिंग बदलले, म्हणजे घरातला शब्द फिरून घरीच आला.

बडोद्याच्या मंगळबाजारात 'चेक्सचा शर्ट' मागितला की दुकानदाराला कळते, पण इंग्रजीत लिहिताना 'चेक्स शर्ट' चूक. ब्रिटिश 'चेक्ड शर्ट', अमेरिकन 'चेकर्ड' किंवा 'प्लेड'. मराठीत 'चौकडीचा' हा शब्द असताना तोच वापरावा. माणसाच्या आयुष्याला मात्र 'चेकर्ड करिअर' म्हणतात तेव्हा कारकीर्द चढउतारांची, काही उजळ काही काळी घरे असलेली. त्याचे 'तपासलेली कारकीर्द' झालेले छापून आलेले आहे.

आता रोजच्या वापरात जे चुकते ते, म्हणजे 'चेक'मागे कुठला छोटा शब्द जोडायचा. नुसते 'चेक द टायर' म्हणजे टायर एकंदर पाहा. 'चेक फॉर' म्हणजे त्यात एखादी ठरावीक गोष्ट आहे का ते शोधा: पंक्चर, गळती, तडा. 'चेक विथ' माणसाशी: बँकेला विचारून खात्री करा. 'चेक अगेन्स्ट' यादीशी: पाठवलेला माल चलनाशी ताडून पाहा. 'चेक ऑन' काळजीने: आजी ठीक आहेत ना ते बघून ये. 'चेक अप ऑन' संशयाने: पोरगा खरेच क्लासला गेला का याचा छडा. या शेवटच्या दोनमध्ये गफलत झाली तर घरात भांडण लागते. आजीसाठी 'चेक अप ऑन' लिहिले तर त्या काहीतरी लपवत आहेत असा वास येतो. आणि क्रियापद असताना दोन सुटे शब्द, नाम असताना जोडून: 'चेक इन' करणे हे काम, 'चेक-इन' ही प्रक्रिया, डॉक्टरांकडचा 'चेकअप' नाम. 'आय डिड माय चेकअप' म्हणू नये, डॉक्टर करतात, आपण करून घेतो. मराठीत आपण 'करून घेतले' इतके सहज म्हणतो, इंग्रजीत गेलो की 'घेतले' गळते.

'तपासणे' या एकाच मराठी शब्दासमोर इंग्रजीत चेक, इन्स्पेक्ट, एक्झॅमिन, टेस्ट, व्हेरिफाय आणि ऑडिट असे सहा उभे असतात. चेक सगळ्यांत हलका: नजर टाकून हो की नाही ठरवणे. गॅसचे बटण बंद आहे ना, ते चेक. लिफ्टचे सरकारी निरीक्षक येऊन दोर, ब्रेक, दरवाजे क्रमाने बघतात ते इन्स्पेक्शन, मराठीत निरीक्षण. डॉक्टर पोट दाबून पाहतात ते एक्झॅमिन. पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत जातो ते टेस्ट, चाचणी. सही खरी आहे का हे नमुना सहीशी ताडणे ते व्हेरिफाय, पडताळणी. वर्षाचे हिशेब ऑडिट, लेखापरीक्षण. बोलीभाषेत सगळे 'चेक करून घ्या' (बडोद्यात 'चेक मारून घ्या' सुद्धा) खपते. करारात किंवा औषध कारखान्याच्या नोंदवहीत खपत नाही, कारण तिथे कोणी काय करायचे होते हे शब्दावरूनच ठरते. सयाजीरावांच्या राज्यात कारभाराच्या शब्दांचा बहुभाषी कोश 1931 मध्ये छापला गेला तो याच गरजेतून. एकाच खात्यात चार शब्द चार अर्थांनी फिरू लागले की पहिला बळी फाइलीचा पडतो.

भारतीय इंग्रजीतल्या दोन सवयी. 'पेपर चेकिंग'ला ब्रिटिश 'मार्किंग' म्हणतात आणि अमेरिकन 'ग्रेडिंग'. बाहेरच्या विद्यापीठाला लिहिताना बदलावे, घरात बदलू नये. आणि गाडीतला 'टीसी' म्हणजे 'तिकीट चेकर' नव्हे, 'तिकीट कलेक्टर'. तपासायला डब्यात फिरतो तो टीटीई, त्यातला 'ई' एक्झॅमिनरचा. बातमीत 'चेक खेळाडूने बाजी मारली' असे आले तर तो चेक प्रजासत्ताकाचा. त्या चेकचे स्पेलिंग, मूळ, सगळे निराळे, शाहशी काडीचा संबंध नाही.

बडोद्यापुरती एक सूचना उरते. गुजरातीत 'छेकवुं' म्हणजे खोडणे, आणि 'छेकछाक' म्हणजे खाडाखोड. हा शब्द इथल्या मराठीतही सर्रास आहे: 'ती ओळ छेकून टाक.' चेकवर छेकछाक चालत नाही हे तर दुहेरी खरे. तारीख वाढवून देण्यापलीकडे त्यावर दुरुस्ती करू नये, रक्कम किंवा नाव चुकले तर नवा चेक लिहावा. पण खरा धोका छापखान्यात आहे. प्रुफाच्या समासात घाईने लिहिलेला 'चेक करा' आणि 'छेक करा' यांत अगदी थोडाच फरक दिसतो. एकात ओळ तपासून ठेवायची असते, दुसऱ्यात उडवायची. समासात 'तपासा' किंवा 'काढा' असे लिहावे.